आवाजाचा वाटा

हिंगणघाटात लोकेश भोयरचं तोंड ओळखणारे थोडे आणि आवाज ओळखणारे सगळे. मंडपातून "हॅलो, चेक, माइक टेस्टिंग" एवढं ऐकू आलं की आजूबाजूच्या आळ्यांना कळायचं, भोयर साऊंडचे डबे लागले, आता हळद सुरू होणार. धंदा बापाच्या वेळेपासूनचा. लोकेशनं त्यात दोन गोष्टी वाढवल्या, मोठे डबे आणि बायको. एका लग्नात तो साऊंडवर होता आणि जागृती नवरीचा मेकअप करायला आली होती. हा टेस्टिंग करत राहिला, ती ऐकून ऐकून वैतागली, आणि त्या वैतागातूनच पुढचं सगळं जमलं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची, घरात 'तू', आणि भांडणात नुसतं 'भोयर'.

मग मुकी वरात आली. कानात बसणारी शेंगदाण्याएवढी यंत्रं स्वस्त झाली, गोंगाटाचा कायदा कडक झाला, आणि वऱ्हाडी मंडळी आपापल्या कानातल्या गाण्यावर नाचू लागली. बाहेरून बघणाऱ्याला ऐकू यायचा तो फक्त चपला घासल्याचा आवाज आणि धापा. लोकेशनं पहिली मुकी वरात पाहिली त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. डबे आधी गोदामात गेले आणि मग भंगारात. पुढे त्यानं मोबाईलच्या दुकानात काम केलं, कापसाच्या जिनिंगमध्ये पाळ्या केल्या, आणि दोन्ही ठिकाणांहून "सध्या थांबा, कळवतो" ऐकून परत आला. तेव्हापासून त्याच्या मनानं एकच गोष्ट घट्ट धरली होती. पगार किती का असेना, पुढच्या महिन्यात तो येणार हे पक्कं पाहिजे.

अशात जागृतीनं फोनवर ती जाहिरात पाहिली. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, आडबंदर नावाच्या गावी, समुद्राखालचे स्पीकर चालवायला अनुभवी ध्वनिचालक पाहिजे, मुदत दोन हंगाम. लोकेशला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. त्याच्या काकांना तर त्यात चेष्टाही दिसली नाही. "तिथल्याच लोकाइले काम नाई, ते सारे मुंबईले जाऊन बसले," काका म्हणाले, "अन् तू उलटा तिकडे चालला?"

काकांचं काही चूक नव्हतं. समुद्र तापला होता, मासळी खोल पाण्यात गेली होती, होड्या निम्मे दिवस वाळूत पालथ्या पडून असायच्या. पर्यटकांचं म्हणाल तर एका वर्षी हॉटेलात जागा नाही आणि दुसऱ्या वर्षी हॉटेलच नाही. पण डॉक्टर शर्वरी तोरसकर नावाच्या ज्या बाईंनी फोनवर मुलाखत घेतली, त्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली. फाटका आवाज आणि स्वच्छ आवाज डोळे मिटून ओळखता येतो का? असा प्रश्न कित्येक वर्षांत त्याला कुणी विचारला नव्हता. तो हो म्हणाला, आणि जागृतीनं त्याच दिवशी माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या.

आडबंदरात त्यांना दाजी कुबलांच्या पडवीत खोली मिळाली. दाजी गावातल्या मच्छीमारांचे म्होरके, सत्तरीला टेकलेले, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांच्या वाटणीचं बोलणं त्यांची बायको मंदाकाकी करत असे. विदर्भातून कुणी समुद्रावर नोकरीला येतं ही गोष्टच मंदाकाकींना इतकी मजेशीर वाटली, की त्यांनी पहिल्या दिवशी शेजारपाजारच्या बायकांना ह्या जोडप्याला बघायला बोलावलं.

बघण्यासारखं होतंही. वर्धा नदीच्या पुलावरून जाताना खाली न बघणारा लोकेश होडीत बसला तो डोळे मिटून, आणि यंत्राची पेटी दोन्ही हातांनी कवटाळून. जागृतीचं सगळं उलटं. पहिल्या संध्याकाळी ती गुडघाभर पाण्यात गेली, दुसऱ्या दिवशी कमरेइतक्या, आणि दिवाळी येईस्तोवर मंदाकाकींच्या पुतणीबरोबर पोहायला लागली. पडवीच्या कोपऱ्यात तिनं आरसा लावून पार्लर उघडलं. मासळी विकायला बसणाऱ्या बायका आधी हसल्या. मग मंदाकाकी नुसतं बघायला म्हणून बसल्या, जागृतीनं त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवून टाचांच्या भेगा घासल्या, आणि काकी उठायचं नाव घेईनात. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. पैसे कधी मिळायचे, कधी सुके बांगडे मिळायचे. लोकेश म्हणायचा, हा काही धंदा नव्हे. जागृती म्हणायची, पण मजा किती येऊन राहिली.

काम काय आहे हे शर्वरी मॅडमनी त्याला मंदाकाकींच्या जेवणाच्या ताटावर समजावलं. मॅडम त्याच किनाऱ्यावरच्या, वडील होडीवाले, शिक्षण समुद्रशास्त्राचं. त्या दिवशी ढोम्याचं कालवण होतं. मॅडमनी माशाचं डोकं फोडून त्यातून दोन पांढरे खडे काढले आणि ताटाच्या कडेला ठेवले. हे माशाचे कान, त्या म्हणाल्या. पाण्यातून आवाजाची थरथर आली की मासा पाण्याबरोबर हलतो, पण हा खडा जड, तो किंचित मागे राहतो. त्या मागे राहण्यातून माशाला आवाज कळतो.

आता माशाचं पिल्लू. अंड्यातून निघतं तेव्हा ते तांदळाच्या कणीएवढं असतं आणि उघड्या समुद्रात वाहत असतं. घर कुठे करायचं हे ते ऐकून ठरवतं. जिवंत खडक कधी गप्प नसतो. त्यातल्या असंख्य कोळंब्या नांग्या वाजवत असतात, मासे घुमत असतात, कुणी शेवाळ खरवडत असतं. सगळं मिळून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो आणि पिल्लू त्या आवाजाकडे पोहत जातं. आडबंदरसमोरचा खडक गरम पाण्यानं आणि गाळानं मेला होता. मेलेला खडक गप्प, म्हणून पिल्लं त्याच्यावरून वाहून जायची, आणि पिल्लं येत नाहीत म्हणून शेवाळ माजून खडक मेलेलाच राहायचा. ह्यावर मॅडमचा उपाय असा, की लांबच्या एका जिवंत खडकाचा आवाज भरून आणायचा आणि तो ह्या मेलेल्या खडकावर पाण्याखालच्या स्पीकरमधून वाजवत राहायचं. पिल्लांना वाटलं पाहिजे, इथे वस्ती आहे.

लोकेशनं घास खाली ठेवला. "म्हणजे रिकाम्या मंडपात आधी साऊंड लावायचा," तो म्हणाला, "मंग वऱ्हाड येते."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की हे वाक्य त्या पुढच्या व्याख्यानात वापरणार. अट मात्र त्यांनी कडक घातली. स्पीकरमधून त्या खडकाच्या आवाजाशिवाय दुसरा कुठलाही आवाज जाता कामा नये, नाहीतर मासे कशामुळे आले हे कधीच सिद्ध करता येणार नाही. लोकेशनं मान डोलावली, आणि अगदी मनापासून डोलावली.

रोज पहाटे तो दाजींच्या होडीतून खडकावर जायचा. स्पीकर दोरीनं वर ओढून त्यावर चिकटलेली शंखशिंपली खरवडायची, तो पुन्हा खाली सोडायचा, यंत्राची पेटी उघडायची, कानाला पाण्याखालचं ऐकवणारं यंत्र लावायचं, आवाज सुरू करायचा आणि मग पिल्लांसाठी थोडं खाद्य पसरायचं. हळूहळू त्याचे डोळे होडीत उघडे राहू लागले. आणि आवाज सुरू करण्याआधी, पेटीवर नोंदी बोलण्यासाठी जो माइक होता तो स्पीकरला जोडून, तोंडाशी धरून, तो म्हणायचा, "हॅलो, चेक. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन, चार."

त्याला ह्यात काही अटीबाहेरचं वाटलंच नाही. बापानं शिकवलं होतं की टेस्टिंग म्हणजे साऊंड नव्हे, टेस्टिंग म्हणजे साऊंडच्या आधीचं. डबा फाटतोय का, तार सैल आहे का, हे माणसाच्या आवाजावरच कळतं. घरातून निघताना चप्पल घालतो हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं त्यानं हे मॅडमना सांगितलं नाही.

पहिल्या हंगामात पिल्लं आली. आधी नुसती चमक दिसायची, मग आकार दिसू लागले, मग रंग. शेवाळ खाणाऱ्या माशांनी खडक साफ केला, त्याच्या कपारीत तांबोशी मासळी वस्तीला आली, लाल, गुबगुबीत, डोळे वटारून बघणारी. लोकेशला पोहता येत नव्हतं, म्हणून जागृती पाण्याखाली जाऊन बघून यायची आणि होडीच्या कडेला लटकून त्याला सगळं सांगायची. तिचा चेहरा बघूनच त्याला अर्धं कळायचं. आपण आयुष्यात पहिल्यांदा जिवंत काहीतरी लावलंय, असं त्याला वाटायचं आणि त्याचा ऊर भरून यायचा.

दुसऱ्या हंगामात मॅडमनी खडकावर कॅमेरा बसवला, आणि एका सकाळी त्या तडक पडवीत आल्या. त्यांनी लोकेशसमोर कॅमेऱ्याचा पडदा धरला. खडक शांत होता, भरून आणलेला आवाज अजून लागला नव्हता, आणि तरी कपारींतून, वरून, बाजूनं तांबोशीचा थवा गोळा होत होता. खडकाचा आवाज सुरू झाला तो त्यानंतर. मॅडमनी विचारलं, ह्या आधी काय होतं? लोकेशनं सरळ सांगितलं. टेस्टिंग असते.

मॅडम पडदा मांडीवर ठेवून खाली बसल्या. त्यांचा प्रयोग नासला होता. मासे खडकाच्या आवाजानं आले की हिंगणघाटच्या आवाजानं, हे आता कुठलाही शास्त्रज्ञ त्यांना ठामपणे सांगू देणार नव्हता. लोकेशनं मनात बॅगा भरल्या. मग मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "चला, होडी काढा. पुन्हा म्हणून दाखवा."

त्या दिवशी अख्खं गाव होडीत यायला निघालं होतं. लोकेशनं खडकाच्या उत्तरेला जाऊन टेस्टिंग केलं, थवा उत्तरेला आला. दक्षिणेला केलं, दक्षिणेला आला. मॅडमनी समजावलं, की अमुक आवाज झाला की खायला मिळतं हे मासे शिकतात, ह्यात नवं काही नाही. नवं हे, की ही पिढी ह्या खडकावर आली त्या दिवसापासून हा आवाज ऐकत होती. तिच्यासाठी तो घराचा आवाज होता, आणि मागाहून आलेली पिल्लं तो मोठ्यांचं बघून शिकत होती. मग बाकीच्यांनी बोलून बघितलं. जागृतीच्या आवाजाला एखाददुसरा मासा वळला. दाजींनी छाती भरून, देवासमोर गाऱ्हाणं घालावं तशा गांभीर्यानं "हॅलो चेक" म्हटलं, आणि एकाही माशानं शेपटी हलवली नाही. पुढचे कित्येक दिवस मंदाकाकी दाजींना जेवायला हाक मारताना "हॅलो चेक" म्हणत होत्या.

गावाला ह्याचा उपयोग लगेच कळला. लांबून मोठ्या बोटी यायच्या, दिव्यांचे झोत पाण्यात सोडून मासळी खेचून न्यायच्या. आता त्या क्षितिजावर दिसल्या की लोकेश पेटी उघडून हाक द्यायचा आणि भटकायला गेलेली तांबोशी कपारींत परत यायची, हाकेसरशी गुरं गोठ्यात यावीत तशी. दाजींनी गावाला एवढंच बजावलं, की खडकावर आणि हाकेवर आलेल्या मासळीवर जाळं टाकायचं नाही. कुणी वाद घातला नाही.

पण मुदत दोन हंगामांचीच होती. ती सरत आली तेव्हा वरून कळलं की प्रकल्प यशस्वी झाला, आणि यशस्वी झाला म्हणून संपला. खडक आता स्वतःच तडतडत होता, स्पीकरची गरज उरली नव्हती, मग स्पीकर चालवणाऱ्याची कुठून उरणार? मॅडमनी भांडून पाहिलं. पेटी आणि स्पीकर गावाकडे राहतील, एवढंच त्यांना मिळवता आलं. लोकेशनं आपलं काम इतकं चोख केलं की त्याची गरजच संपली, असं जागृती म्हणाली. ती हसवायला म्हणाली होती, पण दोघांनाही हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात सौमित्र देवल आले. एका बड्या मासळी कंपनीचे अधिकारी, पायात पांढरे बूट, बोलणं गोड आणि खरंसुद्धा. त्यांनी काही लपवलं नाही. कंपनी किनाऱ्यावर जागोजागी असेच खडक करणार होती. लोकेशनं तिथे मासे वाढवायचे, आवाजाला लावायचे, आणि ते मोठे झाले की कंपनीच्या बोटीवरून हाक द्यायची. मासे गोळा होतील, बोटी जाळं फिरवतील. पगार, घर, विमा, निवृत्तीपर्यंतची हमी. आवाज त्याचाच लागणार होता. खोट्या आवाजांच्या फसवणुकांनी देश पोळला तेव्हापासून कायदाच असा होता, की माणसाचा आवाज त्याच्या संमतीशिवाय कुठलंही यंत्र वाजवू शकत नसे. देवल म्हणाले, रविवारी येतो, तेव्हा सांगा, आणि सुरुवात ह्याच खडकापासून करू.

लोकेशनं जागृतीला सांगितलं तेव्हा ती कुणाच्या तरी भुवया कोरत होती. तिनं ते काम पुरं केलं, बाईला वाटेला लावलं आणि मग त्याच्याकडे वळली.

"भोयर, तू त्याइले हाक मारली, म्हणून ते आले. आता त्याइले धरून द्यायलेही तूच हाक मारशील?"

लोकेश म्हणाला, मासे धरण्यात पाप असतं तर हे गाव कधीच बुडालं असतं. दाजी धरतात, आपण चाटूनपुसून खातो.

"दाजी हाक मारून नाई धरत. आपल्या मर्जीनं येते तो मासा धरते."

"जाळ्यात मर्जीनं कोणता मासा येते व?"

"मले काय म्हणायचं हाय ते तुले बरोबर समजलं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिला इथून जायचं नव्हतं. आपण इथे रोज सकाळी उठताना खूश असतो, हे त्याला दिसत नाही का, असं तिनं विचारलं. दिसत होतं. पण उठल्यावर खायचं काय, हे त्याला दिसत नव्हतं. जिनिंगच्या फाटकाबाहेर डबा हातात घेऊन उभं राहणं काय असतं, ते तो विसरला नव्हता. ती बाई होती म्हणून रडली, असं तो मनात म्हणाला, आणि मागे आंघोळीच्या पाण्याचं निमित्त करून स्वतःही रडून आला. देवलांना हो म्हणायचं, हे त्यानं ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी तो तेवढंच सांगायला किनाऱ्यावर गेला, तर तिथे रापण लागलेली. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठ्ठा अर्धगोल मारून ते पाण्यात सोडते, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या गाव वाळूत उभं राहून ओढतं, ही रापण. गेल्या काही वर्षांत ती ओढायला गावात पुरेशी माणसं उरली नव्हती आणि जाळ्यात मूठभर बारक्या पेडव्यांखेरीज काही येत नव्हतं, म्हणून लोकेशनं ती कधी धड पाहिलीच नव्हती. आज दोरीला बायका होत्या, म्हातारे होते, मुंबईहून चार दिवसांसाठी आलेले होते. जागृती मंदाकाकींच्या मागे ओचा खोवून उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

"अरे भोयरा, बघत काय ऱ्हवलंस?" दाजी म्हणाले. "दोरयेक हात लाव."

त्यानं हात लावला. जाळं जड होतं. ते इतकं जड होतं की म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात देवल गाडीतून उतरले, काय चाललंय ते बघायला पुढे आले, आणि मंदाकाकींनी त्यांच्याही हातात दोरी दिली. पांढरे बूट वाळूत रुतले, मग त्यांनी ते काढूनच टाकले. टाच रोवायची, मागे रेलायचं, दोन पावलं मागे जायचं, पुन्हा टाच रोवायची. तळहात सोलवटून निघाले. पुन्हा पुन्हा दोरीच्या पुढच्या टोकाला जाऊन ओढताना लोकेशला मध्येच लक्षात आलं की आपण कमरेइतक्या पाण्यात उभे आहोत, आणि भीती वाटायला वेळच मिळाला नव्हता.

जाळं वाळूवर आलं तेव्हा आत बांगडे उसळत होते, आणि बांगड्यांत, इथे तिथे, लाल तांबोशी होती. सगळे दोऱ्या टाकून पुढे सरसावले. ह्या किनाऱ्यावर रापणीत तांबोशी आलेली बघणारे आता फक्त म्हातारेच होते. मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक मासा हातात घेऊन बघू लागल्या. खडक भरला, त्या सांगत होत्या, जागा पुरेना म्हणून मोठे मासे आपणहून बाहेर पडू लागले. हे व्हायला अजून कित्येक वर्षं लागतील अशी त्यांची अटकळ होती. बोलता बोलता त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते मासे धरलेल्या हातानंच पुसत होत्या. मंदाकाकींनी नाचायला सुरुवात केली. कुणाच्याही कानात कसलंच यंत्र नव्हतं, आणि आरडाओरडा असा, की पुढच्या वाडीतली माणसं धावत आली.

मग वाटे पडले. रापणीचा रिवाज असा, की दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, मग तो कुणीही असो. दाजींनी वाळूत ढीग मांडायला घेतले. जाळ्याचा वाटा निघाला, तो जाळ्याच्या मालकांचा. होडीचा निघाला, तो होडीच्या मालकाचा. मग माणसांचे. लोकेशसमोर एक ढीग पडला, जागृतीसमोर एक पडला, आणि देवलांच्या समोरही पडला. देवल आधी नको नको म्हणाले, पण मंदाकाकींनी त्यांच्या ओंजळीत बांगडे घातले आणि वर एक तांबोशी ठेवली. ती धरून ते लहान मुलासारखे हसत उभे राहिले.

सगळ्यांचं झालं तरी एक ढीग वाळूत उरला होता, बऱ्यापैकी मोठा. लोकेश आपले मासे टोपलीत भरत होता. दाजी त्याच्यापाशी आले आणि त्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो तुझो."

लोकेश म्हणाला, माझा तर मिळाला.

"तो हाताचो. ह्यो आवाजाचो." दाजी इतकं सलग बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून माणसं जवळ सरकली. "होडी दोरी ओढता काय? नाय. तरी तिचो वाटो असा मां? जाळ्याचो असा. मगे आवाजाचो कित्याक नको? ही तांबोशी कोणाच्या हाकेन वाढली, ता सगळ्यांका ठावक असा. आमी काल बसान ठरवलंव."

लोकेश टोपली बाजूला ठेवून उभा राहिला. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात आवाज लावला होता, पण आवाज हीसुद्धा होडीसारखी मालकीची वस्तू असते आणि तिच्या नावानं पंगतीत पान मांडलं जातं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या नाकातोंडात पाणी आलं आणि ते समुद्राचं नव्हतं.

"पण ऐकान घे," दाजी म्हणाले. "रोज गावतलो असा नाय. कधी पाटयेभर, कधी शेपटी सुदा नाय. आणि वाटो घेतलंस तर आवाज हयच ऱ्हवाक होयो. तो दुसऱ्या बोटीर जावचो नाय. आमची काय जबरदस्ती नाय, विचार कर. फक्त बेगीन कर, मासो उन्हात थांबाचो नाय."

ऊन खरंच चढत होतं. एका बाजूला देवल उभे होते, ओंजळीत मासे घेऊन, आणि त्यांच्यामागे घर होतं, विमा होता, दर महिन्याला येणारा पगार होता. दुसऱ्या बाजूला वाळूत एक ढीग होता, जो उद्या असेलच असं नव्हतं. जागृती टोपली घेऊन उभी होती. लोकेशनं तिच्याकडे बघितलं, मग खडकाच्या दिशेला बघितलं. आपण हाक मारतो तेव्हा ते किती लगबगीनं येतात, हे त्याला आठवलं. ती लगबग बघून बोटीवरून जाळं फिरवायची खूण आपल्याला करता येईल का, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं चटकन आलं की त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

तो देवलांकडे वळला. "साहेब, तुमाले तुमचा वाटा भेटला," तो म्हणाला, "मले माहा भेटला."

देवल शहाणे होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, वाळूतल्या ढिगाकडे बघितलं, आणि मान हलवून विचारलं की ही तांबोशी तळायची की कालवण करायचं. ते मंदाकाकींनी त्यांना सविस्तर सांगितलं.

लोकेश गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ढीग टोपलीत भरू लागला. जागृती त्याच्यासमोर येऊन बसली. तिला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"अन् उद्याचं काय?" तिनं विचारलं.

"आजचं तर हाय ना," लोकेश म्हणाला.

दोघांनी टोपलीचे दोन कान धरले आणि ते घराकडे निघाले.